डोंगराचं या वर्षीचं नाव

मी तो डोंगर पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचं नाव लखन होतं. पुढच्या वर्षी ते पंढरी झालं. मी मराठीत एम.ए. केलं आहे. माणसांनी नावं बदललेली वाचली होती, डोंगराचं नाव बदललेलं ऐकलं नव्हतं. मी दुकानाच्या फळीवर बसलो आणि हे काय प्रकरण ते विचारलं.

दुकान अमृतरावांचं. गुडीहत्नूरला हायवे सोडून आत गेलं की जिथे डांबर संपतं, ते त्यांचं गाव. मी त्याच हायवेवरच्या मावल्याचा. गावातल्या शाळेत शिकवायला गेलो आणि साठीच्या या दुकानदाराशी दोस्ती झाली. न होणं अवघड होतं. समोरून जाणाऱ्या माणसाला ते बोलल्याशिवाय सोडत नाहीत. मीठ घ्यायला आलेली बाई घरची भाजी करपेपर्यंत तिथेच उभी असते.

गावामागे सागाचं जंगल, जंगलामागे डोंगर. माथ्यावर घराएवढा काळा दगड. दसऱ्याला गावातला जो कोणी सगळ्यांच्या आधी वर पोचून त्या दगडाला चुना लावेल, त्याचं नाव वर्षभर डोंगराला. पांढरा दगड गावातून दिसतो. लोक बोलतातही तसंच. पंढरीच्या डोंगराखालचा कापूस. पंढरीच्या डोंगरावरून आलेलं आभाळ.

चुना सगळे अमृतरावांकडूनच नेतात. तेही दरवर्षी चढतात, पण पहिले कधीच पोचत नाहीत. वाटेत माणसं भेटतात.

"काका, आमाले तर रोज लावता चुना," लखन म्हणतो, "एकडाव गोट्याले लावून दाखवा."

"चुना आमच्या दुकानातला, घाम माह्या नवऱ्याचा, अन् डोंगर पंढरीचा," रेणुकाबाई आतून म्हणतात.

यंदा मात्र अमृतरावांना हसू येत नव्हतं. मुलीचं, तेजस्विनीचं लग्न ठरत होतं तेव्हा व्याही पांडुरंगरावांनी गावाची खूण विचारली होती. अमृतराव रंगात आले होते. म्हणाले, "अमृतरावचा डोंगर इचारा, कोणीबी सांगन." येत्या दसऱ्याला आपणच जिंकणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी व्याही पहिल्यांदा घरी येणार होते. इंद्रवेल्लीकडून, डोंगराच्या मागच्या अंगाने.

"मास्तर, नाव नाई लागलं तं पोरीले जलमभर आयकावं लागन, तुहा बाप फेकाड्या हाये म्हणून," ते मला म्हणाले. "तुमी संग चला. मी बोलाले लागलो का ढकला मले."

दसऱ्याला उजाडताच निघालो. पंढरी अजून अंगणात दात घासत होता. अमृतरावांच्या हातात चुन्याची बादली, तोंडात सुपारी. सुपारी बोलणं अडवायला होती. ओढ्याजवळ गुराखी चंपतने गाईंमागून हाक मारली. अमृतरावांनी नुसता हात केला. मी थक्क झालो.

अर्ध्या चढावर सीताफळांच्या झुडपांत सखूबाई भेटली. ती डोंगरापलीकडच्या वाडीतली. चहा-साखरेला डोंगर ओलांडून अमृतरावांच्या दुकानात येते. तिने टोपली खाली ठेवली.

"काऊन शेटजी, बोलून नाई राह्यले? माह्या हातून काई चुकलं का?"

अमृतराव पुढे गेले. मग थांबले. मी ढकललं. माणूस हलेना.

"तसं नाई वो बाई," म्हणत त्यांनी सुपारी थुंकली आणि खाली बसकण मारली. मग सगळं सांगितलं. अगदी साखरपुड्याच्या जेवणापासून. जिलेबी कमी पडली होती, तेही.

तेवढ्यात पंढरी शेजारून पळत गेला. "बसा काका, बसा! घाई नोका करू!"

अमृतरावांचा चेहरा उतरला. सखूबाईने एक सीताफळ फोडून त्यांच्या हातात दिलं.

"थो पांढरा गोटा तुमालेच दिसते, शेटजी. आमच्या अंगानं काळाच हाये. आमी त्याले नुसता डोंगर म्हंतो. आमच्याकडं नावच नाई त्याले."

अमृतरावांनी सीताफळ तिच्या टोपलीत ठेवलं आणि बादली उचलली. मग उठले आणि झपाझप चढू लागले.

वर पंढरीचं रंगवून झालं होतं. तो शीळ घालत बसला होता. अमृतराव त्याच्यासमोरून गेले आणि दगडाला वळसा घालून मागे उतरले. तिथे उभं राहायला जेमतेम जागा. मी त्यांचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. ते रंगवत राहिले. चुना माझ्या डोक्यावर गळत होता.

पंढरी वाकून बघायला आला. "काका, इकडून कोण पाह्यते?"

"माहा व्याही पाह्यते!"

दुसऱ्या दिवशी पांडुरंगराव मोटारसायकल वाडीत ठेवून, डोंगराच्या कडेने पायी आले. दुकान माणसांनी भरलं होतं. पंढरीही होता.

"तुमची खूण बराबर निघाली," व्याही म्हणाले. "वाडीत सखूबाई भेटली. मी इचारायच्या आंधीच बोट दाखवलं. हा अमृतरावचा डोंगर, कालपासून."

"कालपासून?" अमृतराव पुटपुटले.

"हाव. समदं सांगतलं तिनं. जिलेबीचंबी."

अमृतराव वजनं उगाच इकडची तिकडे ठेवू लागले. व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते खो खो हसत सुटले.

"आवो, आमच्यासाठी म्हातारपनी डोंगर चढले तुमी! आमच्या अंगानं तं तुमचाच हाये. पुढून कोनाचा हाये थे आमाले काय करायचं?"

"पुढून माहा," पंढरी म्हणाला.

रेणुकाबाईंनी आतून चहा पाठवला. पंढरीलाही.

गेल्या आठवड्यात सखूबाईचा सांगावा आला. पुढच्या दसऱ्याला वाडीतली पोरं त्यांच्या अंगाने चढणार आहेत. म्हणजे अमृतरावांना आता दोन्हीकडून शर्यत. तेव्हापासून दम वाढवायला ते रोज सकाळी चालायला जातात.

परवा मी विचारलं, "कुठपर्यंत गेला होतात?"

"भागाबाईच्या ओट्यापरेंत," ते म्हणाले.

भागाबाईचं घर त्यांच्या घराला लागूनच आहे.