घराचा ईमेल

आमच्या अख्ख्या भावकीचा ईमेल एकच. आमच्या यांनी कधीकाळी मस्तगडातल्या नेट कॅफेत तो उघडला आणि गावी, आष्टीला जाऊन सगळ्यांना सांगून आले, "आपल्या घराचा ईमेल झाला." मग कोणी वेगळा काढतो म्हटलं की वाटणी मागितल्यासारखी तोंडं व्हायची. धाकट्या दिरांचा पीकविमा त्याच्यावर, पुतण्याची कॉलेजची ॲडमिशन त्याच्यावर, अन् त्याच पुतण्याला आलेली स्थळंसुद्धा त्याच्यावर! पासवर्ड सगळ्यांना पाठ. मला सोडून. मी ब्लाउज शिवणारी बाई, मला काय करायचाय?

एक दिवस ती पेटी भरली. नवीन पत्र येईना. जास्त जागा पाहिजे तर महिन्याला पैसे भरा, असा निरोप आला. हे असे भडकले म्हणता! "आपलीच टपाल ठेवायला भाडं? बिलकुल न्हाई." मग ठरलं, फुकटचा एखादा ईमेल प्रोग्राम कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि सगळी पत्रं घरात उतरवून घ्यायची.

धाकट्या दिरांची लेक तेव्हा आमच्याकडेच राहायची. नर्सिंगची शेवटची परीक्षा देऊन तिनं पुण्याच्या एका दवाखान्यात अर्ज केला होता, अर्थात घराच्याच ईमेलवरून. तिच्या बापानं आधीच सांगून ठेवलं होतं, नोकरीचं पत्र आलं तर पुणे, न्हाई आलं तर लग्न. पोरीचा जीव टांगणीला, आणि हे बाजारात वांगी निवडावीत तसे प्रोग्राम निवडत बसलेले.

पहिला आणला, तो सगळा इंग्रजीत. दुसरा उघडला की आधी चपलांची जाहिरात. शेजारचे कापड दुकानवाले भाई चहाला आलेले, ते म्हणाले, "मुफ्त का है भाभी, दो-चार रख लेव, कौनसा चारा खाते!" शेवटी तिसरा यांच्या पसंतीला उतरला, कारण तो मराठी बोलायचा. त्यानं विचारलं, पत्र उतरवल्यावर मूळ पेटीत प्रत ठेवायची का? हे हसले. "येडाच है. घरी आलेली टपाल कोणी पोस्टात ठेवतं का?" आणि 'नको' केलं. मलाही ते बराबर वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढं पोरगी आष्टीला गेली आणि तिकडं तिला पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. घरातले मोठे म्हणून हे सकाळच्या एसटीनं निघाले. दुपारी तिचा फोन. आवाज रडका, दबका. "मोठी आई, मोबाईलवर पेटी एकदम रिकामी है. काहीच न्हाई आलं. पाहुणे वेशीपर्यंत आलेत."

रिकामी? अगं, निघायच्या आधीच तर यांनी कॉम्प्युटर लावून टपाल उतरवली होती. एसटीच्या घाईत वाचायची राहिली, एवढंच. मी शिवण टाकून उठले. प्रोग्राम उघडायला पासवर्डही लागला नाही, यांनी तो आत भरूनच ठेवलेला. पीकविमा, पुन्हा पीकविमा, पुतण्यासाठी वडीगोद्रीची एक मुलगी, 'गोरी, गृहकृत्यदक्ष', आणि तिच्याखाली दवाखाना. नोकरी दिली आहे, आज संध्याकाळपर्यंत होकार कळवा.

यांना फोन लावला.

"आता पाहुणे बसलेत," हे कुजबुजले. "मंग बघू."

"पाहुण्यांना पोहे द्या अन् हात जोडा. होकार पाठवून राह्यले मी."

"घराच्या ईमेलवरून? मला न इचारता?"

"घराचा है ना? मंग मी काय भाड्यानं राहते का?"

फोन ठेवला आणि एका बोटानं टाइप केलं, 'मी येते आहे.' खाली पोरीचं नाव. पाठवलं आणि पोरीला फोन करून सांगितलं.

पोरगी पुण्याला गेली. हे बरेच दिवस फुगून होते. जेवत मात्र होते व्यवस्थित. संक्रांतीला ती आली तेव्हा तिनं माझ्या मोबाईलवर माझ्या नावाचा ईमेल काढून दिला. फुकटचाच. मी म्हटलं, मला कोण लिहिणार, बाई?

ती परत गेली आणि पत्र आलं. 'मोठी आई, पहिले पंधरा दिवस इथं रोज रडले. तुला सांगायचं होतं गं, पण फोनवर बोलवेना, अन् घराच्या ईमेलवर कसं लिहू? बाबांनी वाचलं असतं तर त्याच दिवशी न्यायला आले असते. आता रडत न्हाई.' मशीनवर बसल्या बसल्या वाचलं आणि हातातल्या कोणाच्या तरी ब्लाउजला डोळे पुसले.

हे डोकावले. "काय आलं? अन् त्याचा पासवर्ड काय है?"

"न्हाई सांगणार," मी म्हटलं. "माझी टपाल है."