कुमुदआत्याच्या तळघरातले निकाल

कुमुदआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत, आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर, गाडी लावायच्या एका जागेवरून अनोळखी गृहस्थांशी भांडत होतो. फोन तिच्या शेजारणीचा होता. झोपेतच गेली, म्हणाली. मी जागा त्या गृहस्थांना देऊन टाकली... त्यांना वाटलं असेल, आपण जिंकलो. खरं तर त्या शनिवारी मी पेनसिल्व्हेनियात, आत्याच्या घरी असायला हवा होतो. तसं ठरलं होतं. गुरुवारी फोन करून मी ते कॅन्सल केलं, कारण दिलं ऑफिसचं. खरं कारण असं, की मला तिची माफी मागायची होती आणि सहा वर्षं जीभ रेटत नव्हती. ती जाऊन आता पाच आठवडे झालेत.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नागपूरहून मानसशास्त्र शिकायला अमेरिकेत आली, एका लहानशा युनिव्हर्सिटीत शिकवायला लागली आणि तिथेच राहिली. लग्न केलं नाही. ती काय काम करते असं कोणी विचारलं की माझी आजी सांगायची, "लहान मुलांना ठोकळे दाखवते." हे तसं खरंच होतं. मुलगे आणि मुली यांच्या बुद्धीत फरक असतो का, असला तर कशात आणि किती, हा तिचा विषय. कार्डावर ठोकळ्यांच्या रचनेचं चित्र, शेजारी तीच रचना फिरवून काढलेली काही चित्रं, त्यांत काही फसवी. खरी कोणती ते मुलांनी ओळखायचं. मी एमएसला आलो तो पहिला हिवाळा तिच्याकडे काढला. पहिल्याच रविवारी तिने मला तळघरातल्या बुटक्या खुर्चीवर बसवून ती टेस्ट दिली. मी इंजिनियर, फुशारकीने बसलो. निकाल पाहून ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

"शिरू, तू पूल वगैरे बांधणार नाहीस ना?"

"नाही गं आत्या, सॉफ्टवेअर."

"मग हरकत नाही."

तिच्या विषयाचा सगळा इतिहास मी भाजी चिरताना ऐकला. "आधी त्यांनी मेंदू तोलले. बाईचा हलका भरला, झाले खूश. कोणीतरी म्हणालं, मग हत्तीलाच प्रोफेसर करा की! तेव्हा म्हणे वजन जाऊ दे, मेंदूचा पुढचा भाग बघा, बुद्धी तिथे असते, आणि तो पुरुषाचा मोठा. पुढे बुद्धी मागच्या बाजूला असते असं ठरलं, तर लगेच बाईचा पुढचा भाग मोठा दिसायला लागला! निकाल ठरलेला होता रे, मापं बदलत होती." बोलता बोलता तिची सुरी हवेत थांबायची, आणि जेवायला नऊ वाजायचे. मग एकदम आवाज खाली यायचा. "आम्ही तरी काय वेगळं करतो? फरक सापडला की छापतात. नाही सापडला की खोक्यात."

हे ती स्वतःबद्दल बोलत होती. आत्याचं नाव झालं ते एकाच रिसर्च पेपरमुळे. त्यात ठोकळे फिरवण्यात मुलगे थोडे पुढे निघाले होते. थोडेच, आणि सरासरीने. पण पेपर गाजला. नंतर तिने तेच काम पुन्हा पुन्हा केलं, मुलांना आधी सराव देऊन, घाई न करता. फरक आकसत गेला, कधी उरलाच नाही. ते पेपर मात्र परत यायचे. यात नवीन काय, असं कोणीतरी नम्रपणे विचारलेलं असायचं. आत्या ते कागद तळघरात खोक्यांत भरून ठेवायची आणि झाकणावर जाड पेनने मराठीत लिहायची, "फरक नाही". एकावर एक खोकं चढत गेलं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर माझी चूक जास्त वाईट.

माझी मुलगी मुक्ता तेरा वर्षांची असताना शाळेत गणिताच्या वरच्या वर्गात बसायची परीक्षा होती. ती नापास झाली. पुन्हा देता येत होती. खोलीचं दार लावून रडत होती आणि मला मुलांचं रडणं अजिबात बघवत नाही. समजूत घालायची एवढाच हेतू होता. म्हटलं, "अगं, मुलींना ते आकार-बिकार जरा जडच जातात. तुझ्या कुमुदआजीचाच पेपर आहे." तिने डोळे पुसले. "ओके बाबा," म्हणाली. किती पटकन समजावलं आपण, असं वाटून मी खाली येऊन चहा केला. मुक्ताने परीक्षा पुन्हा दिली नाही.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला आम्ही आत्याकडे होतो. तिने भात वाढता वाढता विचारलं, "काय गं, गणित काय म्हणतंय?"

"इट्स फाइन, आजी. गर्ल्स आर नॉट गुड ॲट दॅट. यू प्रूव्ड इट."

आत्याने भातवाढी पातेल्यात ठेवली. मुक्ताकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझ्या नावावर, शिरू?" एवढंच म्हणाली. मग मुक्ताचा हात धरून तिला तळघरात घेऊन गेली. दोघी तासाभराने वर आल्या. खाली काय झालं ते मी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. भात गार झाला होता, तो आम्ही तसाच खाल्ला. त्यानंतर मी तिला दिवाळीला फोन करायचो, पाडव्याला फोन करायचो. जायचं मात्र दर वेळी ठरवून कॅन्सल करायचो. "ये रे एकदा, बोलायचंय," ती म्हणायची. मला वाटायचं, आता मला झापणार.

घर रिकामं करायला मुक्ता कॉलेजातून आली. ती आता इतिहास शिकते. तळघरात बुटक्या टेबलाशी बसून ती ठोकळ्यांची कार्डं चाळत होती.

"बाबा, त्या दिवशी आजीने मला ही टेस्ट दिली होती."

"मग?"

"ऑलमोस्ट सगळं बरोबर आलं. मी म्हटलं, सो युअर पेपर इज राँग? तर म्हणाली, नाही, एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. पण पेपरवरूनही तुझ्याबद्दल काही सिद्ध होत नाही. आणि म्हणाली, बाबाला हे मीच नीट सांगते. तो आला की."

मी खाली फरशीवर बसलो. "मग तू का नाही सांगितलंस गं?"

"तू विचारलंच नाहीस."

चुकलं माझं, मी म्हणालो. आत्यासाठी सहा वर्षं जपून ठेवलेलं वाक्य ते... आणि ते आधी म्हणायचं होतं ते हिला, एवढं कळायलाही मला तळघरात यावं लागलं. "आय नो, बाबा," मुक्ता म्हणाली. ठीक आहे, असं काही ती म्हणाली नाही. कार्डं सारखी करून तिने खोक्यात ठेवली.

खोकी हवीत का, असं युनिव्हर्सिटीला विचारलं. त्यांना छापलेला पेपर पुरेसा होता, तो त्यांच्याकडे आहेच. त्यामुळे खोकी आता माझ्या गॅरेजमध्ये आहेत आणि गाडी बाहेर बर्फात. बायको विचारते, किती दिवस ठेवणार? मी म्हणतो, बघू. रोज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला निघताना खोकी समोर येतात. सगळ्यात वरच्या खोक्यात कागद जास्त झालेत, झाकण बसत नाही. जाताना मी ते तळव्याने दाबतो, आणि संध्याकाळी येऊन बघतो तर ते पुन्हा वर आलेलं असतं.