म्हापशाहून आणलेलं भाण

माझं लग्न ठरलं तेव्हा गोवा राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि माझे काका आणि मामा एकमेकांशी बोलत नव्हते. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. खाणीवर ट्रक चालवायचा, कोकणीचा कट्टर. मामा आईचा थोरला भाऊ. पेडण्याजवळ कोरगावला मराठी शाळेत मास्तर. आदल्या गणेशचवथीला आमच्याच घरी, जेवणाच्या पानावर, भाषेवरून दोघांची जुंपली. कोण काय बोललं ते आता आठवत नाही. मामा खीर तशीच टाकून उठला, हात धुतला आणि मिळेल त्या बसने पेडण्याला निघून गेला, एवढं मात्र डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून दोघांचे निरोप आईमार्फत चालत.

लग्नाच्या बाजाराला वडिलांना खाणीवरून सुट्टी मिळेना. आईने काकाला सांगितलं, "भावजी, शुक्रवारी म्हापशाला तुम्हीच चला." आम्ही तिघं आमच्या कारापूरहून सकाळच्या बसने निघालो. म्हापशाच्या स्टँडवर उतरतो तर समोर मामा, पांढरा शर्ट, काखेत छत्री. काका पायरीवरच थबकला.

"वहिनी, हो हांगा कसो?"

"भाचीच्या लग्नाचा बाजार मामाशिवाय होतो का?" असं म्हणून आई पुढे चालू लागली. तिच्या मागे मी, आणि माझ्या दोन बाजूंना ते दोघे, दोन खांबांसारखे.

शुक्रवारच्या म्हापशात शिरलं की कुणी कुणावर रुसून राहणं कठीण. चैत्राचे दिवस होते. पावसाळ्याच्या पुरुमेंतासाठी जो तो साठवणीचं घ्यायला आलेला. कोकमाच्या सोलांचे काळे ढीग, कांद्याच्या माळा, मयड्याची मनगटाएवढी जाड केळी, अबोलीचे वळेसर ओल्या फडक्याखाली झाकलेले. पाववाल्याच्या टोपलीतून गरम उंड्यांचा वास येत होता. आई त्या गर्दीतून चालायची ती मला फार आवडायची. घाई नाही, धक्का नाही. बसलेल्या बायका आपणहून टोपल्या मागे ओढून तिला वाट करून देत. अर्ध्याजणींना ती माहेरच्या नात्याने ओळखायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या गुडघ्याला आराम आहे, हे विचारत विचारत तिची पिशवी भरत जाई.

कापडाच्या दुकानात गादीच्या एका टोकाला काका बसला, दुसऱ्या टोकाला मामा. मधे साड्यांचा डोंगर.

"तुझ्या मामाक विचार, पाचवी बरी दिसता काय तांबडी?" एका हातात हिरवी, दुसऱ्या हातात तांबडी धरून काका मला म्हणाला.

"तुझ्या काकाला सांग, हिरवीच घ्या," मामा म्हणाला.

दुकानदार एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मला हसूही येत होतं आणि रडूही. लग्न माझं, आणि मांडवात हे दोघे असेच बसणार, याची मला रात्रंदिवस धास्ती होती. हिरवी साडी घेतली. आईने पैसे दिले आणि म्हणाली, "आता तांबटाकडे."

तिला भाण घ्यायचं होतं. आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं, गोल पोटाचं भांडं. आमच्या घरचं गळायला लागलं होतं हे खरं.

"दिवचलेंत मेळना?" काकाने विचारलं. डिचोलीचा बाजार आम्हाला जवळचा.

"म्हापशाचा पत्रा जाड," आई म्हणाली, आणि दुकानातलं सगळ्यात मोठं भाण तिने निवडलं. माणूस बसेल एवढं. दोन बाजूंना दोन कड्या.

"हमाल बघतो," मामा म्हणाला.

"आज शुक्रवारी हमाल कुठला मिळायला?" आई म्हणाली. येताना झाडाखाली टेकलेले दोन हमाल मी बघितले होते. मी तोंड उघडणार, तोच आईने मला नजरेनेच थांबवलं.

एक कडी काकाने धरली, एक मामाने. वाट इतकी अरुंद की दोघांना शेजारी चालता येईना. मामाला पाठमोरं चालावं लागलं. थोडं अंतर दोघे तसेच गेले. मग मिरचीवालीच्या टोपलीला भाण घासलं आणि ती ओरडली. मामा दचकून मागे सरकला.

"मास्तर, फाटीं पायरी आसा!" काका ओरडला.

"दिसता माका!" मामा ओरडला.

दिसली नव्हती. मामा पायरीवर आदळणार, इतक्यात काकाने भाण सोडून त्याचा दंड पकडला. भाण घणघणत खाली आलं, मिरच्या उडाल्या, आणि तिघंही शिंकायला लागले: काका, मामा आणि मिरचीवाली. शिंका थांबेनात. ती आईच्या बाजारातल्या ओळखीची निघाली. पदराने नाक पुसत तिने आईला विचारलं, "हे दोघे कोण गो तुझे?"

"दोघेही आमचेच," आई म्हणाली, आणि खाली बसून मिरच्या वेचू लागली. मग ते दोघेही वाकले.

"लागलं नाही ना?" काकाने विचारलं.

"नाही," मामा म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "पावणे, आता पुढून तुम्ही धरा. मला मागचं दिसत नाही."

स्टँडपर्यंत दोघे बोलतच गेले. डावीकडे घ्या, थांबा, सायकल येते, घाम पुसू दे. वाटेत लिंबूसोडा प्यायले, एकाने दुसऱ्याला पैसे देऊ दिले नाहीत म्हणून थोडी ओढाताण झाली. भाण टपावर चढवल्यावर मामाने पेडण्याची बस सोडून दिली. म्हणाला, उतरवायला दोन माणसं लागतीलच. आई खिडकीतून बाहेर बघत होती. तिने त्याला एकदाही आग्रह केला नाही. उभ्या आयुष्यात मी तिचा आवाज चढलेला ऐकला नाही, आणि घरात तिच्या मनाविरुद्ध काही झालेलंही फारसं आठवत नाही.

संध्याकाळी ओसरीवर चहा झाला आणि पुन्हा भाषेचा विषय निघाला. या वेळी कुणी उठून गेलं नाही. काका मांडीवर थाप मारत होता, मामा बोट उगारत होता. पुढे मरेपर्यंत त्यांचं त्या बाबतीत एकमत झालं नाही. पाळीवरून वडील आले ते तांबड्या धुळीने माखलेले, आणि आवाज ऐकून फाटकातूनच धावत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"काय गो, भांडतात काय ते?"

आई बांगडे तळत होती. "बोलतायत," ती म्हणाली, आणि मला आणखी एक ताट घ्यायला सांगितलं.