ऑकलंड–मुंबई, मार्गे सिंगापूर

लीलाधर पाटील एसटीत ड्रायव्हर होते. जळगाव–धुळे हा त्यांचा जन्माचा रस्ता, आणि जगातलं कुठलंही अंतर ते त्याच मापाने मोजत. मुलगा हितेंद्र ऑकलंडला नोकरीला गेला तेव्हा पुतण्याने, भूषणने, मोबाइलवर अंतर काढून दाखवलं. बारा हजार किलोमीटरच्या वर.

"म्हणजे धुळ्याच्या सव्वाशे खेपा," लीलाधर म्हणाले. "आणि मधे चहाला पारोळा नाही."

सगळे हसले. बायको सुगंधाबाई हसल्या नाहीत. हसण्यासारखं होतं काय त्यात?

यंदा मे महिन्यात लीलाधरांना दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. हितेंद्रने मिळेल ते तिकीट काढलं. सिंगापूरपर्यंत साडेदहा तास, तिथे थांबा, मुंबईपर्यंत आणखी साडेपाच, आणि मुंबईहून जळगावात मेहरूणच्या घराच्या दारापर्यंत गाडीने आठ. "बसलो विमानात, आता फोन बंद," त्याने कळवलं. विमान उडून दोन तास झाले नसतील, तोच लीलाधर गेले.

सुगंधाबाई रडत बसल्या नाहीत. बर्फाची पेटी मागवली आणि जमलेल्यांना बजावलं, "हितेंद्रला कोणी कळवायचं नाही. परक्या मुलखात एकट्याने ऐकायचं आणि वर दुसरं विमान चढायचं? घरी येऊ दे. मी सांगेन."

शिरपूरहून आलेली नणंद भागाबाई रडता रडता सारखी विचारायची, "वहिनी, पोर्‍या आते कोठे व्हई?"

"समुद्रावर," त्या म्हणायच्या. दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी भूषण मान खाली घालून समोर आला. लीलाधरांचा फोटो, त्याला हार, खाली दोन दिवे, असं सगळं त्याने दुपारीच भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं होतं. आपल्याकडे माणूस थंड व्हायच्या आत फोटो तयार असतो. हितेंद्र त्याच ग्रुपवर होता.

"काढून टाक."

"काढला, काकू. पण खाली लोकांचे ॐ शांती आलेत ना. ते ज्याचे त्यानेच काढायचे."

"मग एकेकाला फोन लाव. शहाणा."

त्याने लावले. निम्म्यांनी उचलले नाहीत. नशिराबादच्या निंबा आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हळहळले, आणि फोन ठेवून आणखी एक श्रद्धांजली टाकली. ती वाचून इतरांना आठवण झाली.

सुगंधाबाई फोन मांडीवर घेऊन पेटीशी बसून राहिल्या. बर्‍याच वेळाने तो वाजला.

"आई, उतरलो सिंगापूरला. बाबा कसे आहेत?"

पेटीचं मशीन घरघरत होतं. त्या फोन घेऊन ओट्यावर गेल्या.

"झोपलेत."

पलीकडे कुठल्याशा विमानाची घोषणा चालली होती. ती संपता संपता हितेंद्रने नाक ओढलं.

"बरं," तो म्हणाला. "उठवू नको. तू खाल्लंस का काही?"

सकाळपासून घरात चूल पेटली नव्हती.

"खाल्लं," सुगंधाबाई म्हणाल्या.