खोटं न बोलणारा सोनबा

कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी यायचं ते जमिनीखालच्या बांधीव नळातून. वरून त्याची वाट दिसत नसे. मधूनमधून नळात हवा जायला आणि माणूस उतरायला ठेवलेले विहिरीसारखे उसासे होते, तेवढीच खूण. पेशवाईत त्या नळावर सोनबा वीस वर्षं कामाला होता. कुठल्या फाट्याचं बूच काढलं की कुठल्या पेठेचा हौद भरतो, हे त्याला तोंडपाठ होतं.

कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून गाळ उपसायचा, म्हणून वर आल्यावर उबेला घोटभर मोहाची घ्यायची, अशी सुरुवात झाली. शहरात दारूला बंदी. वेशीबाहेर मात्र मडकी भरलेली असत. पुढं पुढं सकाळी प्यायल्याशिवाय सोनबाचा हात थरथरायचा थांबेना. जेवण सुटलं. मग त्याचे दिवस गळू लागले. काल कुठं होतास विचारलं, की तो बिनदिक्कत सांगे, "कात्रजला गेलतो." आणि बायकोला, मुक्ताबाईला, ठाऊक असे की माणूस दोन दिवस ओट्यावरून हललेला नाही.

एका सकाळी बजरंग आणि मच्छिंद्र हे दोन गडी नळात गाळ काढत होते, आणि सोनबानं वरच्या फाट्याचं बूच काढलं. लोंढा आला. जवळच्या उसाशातून वर चढता आलं म्हणून दोघे वाचले.

नळाच्या कामावरचे कारकून श्रीधरपंत यांनी सोनबाला समोर उभं केलं. सोनबा म्हणाला, "बजरंगानंच सांगितलं, आमी वर आलोय, सोड पानी." बजरंगानं कानावर हात ठेवले, "म्या न्हाई सांगितलं."

"वर खोटंही बोलतोस?" पंत शिपायाकडे वळले. "पंचवीस फटके."

मुक्ताबाई गर्दीतून पुढं आली. "फटकं मागनं द्या. आधी त्येला इचारा, सकाळी काय खाल्लं."

"हा काय प्रश्न झाला?"

"इचारा तर."

पंतांनी विचारलं. सोनबा त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "आईनं पिठलं केलं व्हतं. गरम भाकरी व्हती."

"सासूला जाऊन नऊ वर्सं झाली," मुक्ताबाई म्हणाली. "आनि ह्याच्या पोटात कालधरनं कण न्हाई. पंत, खोटं बोलाया अक्कल लागती. ह्याच्या आठवनीला भोकं पडल्यात. भोक आलं की हाताला लागंल ते कोंबतो आनि पुढं जातो. त्येला ते खरंच वाटतं."

फटके टळले, काम गेलं.

वस्तीतल्या भगतानं सांगितलं, उसाशातलं भूत लागलंय, बोकड द्या. "मग भुताच्या तोंडाला मोहाचा वास कसा?" असं विचारून मुक्ताबाईनं त्याला वाटेला लावलं आणि अनंत वैद्यांकडे गेली.

"दारू एकदम तोडाल तर झटके येऊन मरेल," वैद्य म्हणाले. "रोज थोडी कमी करा. आणि खायला घाला. हातसडीचा तांदूळ, मूग, दूध. डोकं किती परत येईल, ते मी सांगणार नाही."

"नका सांगू. मी बघते की."

करवंटीनं मापून ती रोज बोटभर कमी देई. सोनबानं शिव्या दिल्या, पाया पडला, एकदा तिच्या अंगावर पाट भिरकावला. भिंतीवरून किडे चालतायत म्हणून तो ओरडे, तेव्हा ती त्याचा हात धरून बसे, आणि मग पुन्हा मुगाचं कढण पुढं करी. दीड महिन्यानं हाताची थरथर थांबली.

दरम्यान ती पंतांकडे जाऊन आली होती. "अठरा वर्सं ह्याची भाकरी घेऊन मी उसाशाउसाशानं फिरलेय. नळ मला ठावा हाय. ह्याला कामावर घ्या, कुठलं बूच काढायचं ते मी सांगीन."

पंत हसले. तिनं तलावापासून एकेक फाटा सांगायला घेतला. गाळ कुठं जास्त बसतो, हेही सांगितलं. पंतांनी बजरंगकडे बघितलं.

"बराबर सांगती," बजरंग म्हणाला. एकदा बुडता बुडता वाचलेल्या माणसाचा शब्द पंतांना मोडवेना.

काम परत मिळालं. ती सांगे, सोनबा बूच काढी. जुना नळ त्याच्या पायांना आठवत होता. पण ह्या दुखण्यानंतर बांधलेला नवा हौद त्याला रोज नव्यानं दाखवावा लागे. जे गेलं ते गेलंच. एकदा वेशीबाहेर जुन्या सोबत्यांनी मडकं पुढं केलं आणि त्याला चिडवलं, "आता बायकू सांगंल तसा वागतोस व्हय रं?"

"व्हय," सोनबा म्हणाला. "माझं डोस्कं ह्या मडक्यानं खाल्लं. तुमचं शिल्लक असंल, तर जपा." आणि तो फाट्याकडे चालू लागला.