वांगी चिरली ती सकाळ

माझं शिक्षण झालं ते माझ्या वहिनींमुळे. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, पण ती पदवी त्यांच्या हातच्या भाकरीवर मिळाली हे मला कायम ठाऊक आहे. आमचं गाव पारनेर तालुक्यात. भाऊ सुप्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचा, मी नगरला कॉलेजात होतो. वहिनी रोज सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ माझा डबा द्यायच्या आणि मी स्टँडवर गाडीची वाट बघत उभा असायचो. कंडक्टर खिडकीतूनच ओरडायचा, "ओ शास्त्रज्ञ, तुमचं पार्सल घ्या! वास घेऊन घेऊन मीच उपाशी मरायलोय."

मी शेवटच्या वर्षाला असताना डिसेंबरात सकाळीच सूर्यग्रहण लागलं. वहिनींना आठवा महिना होता. आईनं बजावलं, "आज गिरान हाय, विळीला हात लावायचा न्हाई. गाडी गेली तर जाऊ दे." पण त्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. वहिनींनी वांगी चिरली, मसाला भरला आणि डबा गाडीवर पोचवला. ती वांगी मी परीक्षेनंतर जिन्यात बसून खाल्ली.

पुतणी जन्मली तेव्हा तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती, तळव्यापर्यंत खोल खाच होती. आई दवाखान्यातच म्हणाली, "वांगं चिरल्यागत हात झालाय लेकराचा. सांगत हुते मी."

त्यानंतर मी एमएस्सी केलं. आता पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करतो. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला लहानशी खिडकी पाडायची आणि आतल्या जिवाला पाय, पंख कसे फुटतात ते बघायचं, हे माझं काम. त्याच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. कुठल्या जागी, कुठल्या वेळी, कुठलं जनुक चालू व्हायचं, यावरच सगळं घडतं. एका दिवाळीत मी वहिनींना मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला.

"पंखाला अन् पायाला जनुकं तीच?" त्यांनी विचारलं.

"तीच. चालू-बंद करणारी बटणं वेगवेगळी."

"म्हंजी तारा समद्या शेतातनं गेल्यात, पन मोटर कवा चालू व्हायची ते वायरमनच्या हातात."

"तसंच."

"मग तुमच्या कोंबडीचा वायरमन बरा म्हणायचा. आमचा तर फोनबी उचलत न्हाई." त्या हसल्या. मग त्यांनी मांडीवर झोपलेल्या मुलीच्या हातावरून हात फिरवला.

मी त्या दोघींना जनुकांच्या तपासणीसाठी पुण्याला आणलं. हात बरा होणार नाही हे मला माहीत होतं. मला फक्त एका दोषाचं नाव हवं होतं. ते नाव आईसमोर ठेवलं की वहिनींवरचा आळ जाईल, एवढीच माझी आशा. रिपोर्ट आला तेव्हा त्यात दोष आढळला नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की जी जनुकं तपासली ती नीट आहेत. ती चालवणारी बटणं दूरदूरवर विखुरलेली असतात, त्यातली सगळी अजून वाचता येत नाहीत. आणि बिघाड सापडला तरी हात घडायची वेळ केव्हाच निघून गेलेली आहे.

घरी आईनं एवढंच ऐकलं. "समदं नीट हाय म्हणतोय ना डाक्टर? मग राह्यलं काय? गिरानच." भाऊ खाली मान घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी वहिनी गोठ्यात एकट्या होत्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं, "वहिनी, हाताची बोटं दुसरा महिना संपेपर्यंत घडलेली असतात. ग्रहण आठव्या महिन्यात होतं. वांग्यांचा काही संबंध नाही." मला वाटलं, आता त्यांचा जीव हलका होईल.

त्या शेणाची पाटी खाली ठेवून बोटांवर महिने मोजू लागल्या. "दुसरा म्हंजी वाटाणा पेरला तवा," त्या म्हणाल्या. "बियाला औषध चोळलं हुतं मी. हातानंच. त्यानं झालं आसंल का, भाऊजी?"

"तसं सिद्ध झालेलं नाही."

"पन त्यानं न्हाईच झालं, आसंबी सांगता येत न्हाई ना?"

त्यांनी पाटी उचलली. "मग गिरानच बरं. ती एकच सकाळ हाय. न्हाईतर समदा महिना हुडकत बसावं लागंल."

यंदा पुतणी पहिलीत गेली. बाईंनी हाताबद्दल विचारलं तर ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "माझ्या आईनं गिरानात वांगी चिरली, म्हणून." वहिनींनी मला हे फोनवर सांगितलं. आमच्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि आई शेजारी बसलेली असते. म्हणून मी पत्र लिहिलं. ते पोचलं. पुढच्या फोनवर वहिनी "मिळालं" म्हणाल्या आणि म्हशीच्या दुधाचं बोलू लागल्या. त्यानंतर तो विषय निघालेला नाही. पत्र असं होतं:

वहिनींना सा. न.

फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितो. दुसऱ्या महिन्यात तुम्ही काय केलं ते शोधू नका. त्या दिवसांत गावातल्या कितीतरी बायकांनी बियाण्याला औषध चोळलं, त्यांच्या लेकरांचे हात नीट आहेत. हा पुरावा नाही, हे मला कळतं. तुम्हाला खोटं सांगितलेलं तुम्ही ओळखता, म्हणून जेवढं माहीत आहे तेवढंच लिहितो. पोटात हात घडत असताना काही जनुकं ठरावीक दिवसांत चालू व्हावी लागतात. तिच्या बाबतीत ती झाली नसावीत. का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. पुढे कधी कळेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी मी परीक्षा निवांत दिली, कारण डबा आलाय हे मला ठाऊक होतं. तो डबा तुम्ही धाडायला नको होता, असं मला कधीही म्हणता येणार नाही.

आईला मी बदलू शकलो नाही. पण मुलीनं विचारलं तर ग्रहणाचं सांगू नका. तिला माझ्याकडे पाठवा. मी तिला "माहीत नाही" एवढंच सांगेन. ते ऐकून तिचं समाधान होणार नाही. पण त्यात तुमचं नाव नसेल.

तुमचा,
भाऊजी