सिंगापूर तात्या

रंगनाथ तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते सिंगापूरच्या एका बसथांब्यामागे उकिडवे बसून माती हुंगत होते. थांब्याला लागून फुलझाडांचा वाफा होता. त्यातली चिमूटभर माती त्यांनी तळहातावर घेतली होती आणि डोळे मिटून तिचा वास घेत होते. डोक्यावर टोपी, अंगावर धोतर-सदरा आणि पायात मुलानं घेऊन दिलेले कोरे करकरीत बूट. मुलगा भागवत, म्हणजे माझ्या कंपनीतला सहकारी, शेजारी अवघडून उभा होता. "हे आमचे तात्या. कालच आले पाचोडहून," तो म्हणाला. तात्यांनी हात झटकून मला नमस्कार केला आणि पहिलंच वाक्य बोलले, "माती इकत आणल्याली दिसती. हिला वासच नाय."

मी हसलो, पण मनातून जरा दुखावलो. त्या शहराला कुणी नाव ठेवलं की मला माझ्याच माणसाला बोलल्यासारखं वाटायचं. माझा जन्म औरंगाबादच्या गुलमंडीतला. घरासमोरून उघडी गटार वाहायची आणि तिच्यावरून उडी मारूनच शाळेला जावं लागायचं. औरंगाबाद तेव्हा औरंगाबादच होतं, आणि त्याच्यावर माझं प्रेमही होतं, पण नाकाला रुमाल लावून केलेलं. सिंगापूरला उतरलो, धुतल्यासारखे रस्ते आणि त्यांच्यावर कमान धरून उभी असलेली झाडं पाहिली आणि मी जो गार झालो तो झालोच.

आमच्या घरातच याला विरोधी पक्ष होता. माझी बायको मीना म्हणायची, "पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेला दिवाणखाना आहे हा. बघायला छान, पण पाय वर घेऊन बसता येत नाही." रविवारी मराठी मंडळी कुणा एकाच्या घरी जमली, की पोह्यांबरोबर हाच वाद निघायचा. अर्धे माझ्या बाजूचे, अर्धे मीनाच्या. नवा माणूस आला की त्याचं मत विचारायचं आणि तो आपल्या गटात आला की टाळ्या द्यायच्या, अशी रीतच पडून गेली होती.

त्या रविवारी तात्यांची पाळी आली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. तात्यांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "साफ हाय, व्हय. लई साफ हाय. खोटं कामून बोलू? पर इतका कचरा रोज न्यायलेत कुठं?"

मी अभिमानानं सांगितलं, की इथं कचरा मोठ्या भट्टीत जाळतात आणि उरलेली राख समुद्रातल्या एका बेटावर नेऊन टाकतात. तात्यांनी रिकामी बशी खाली ठेवली.

"झाडाचा पालाबी जाळतेत?"

"बराचसा जाळतात."

"मंग जमिनीला माघारी काय देतेत?"

"तात्या, इथं शेती नाही."

"शेती नसंल. जमीन तर हाय ना?"

दोन्ही गटांना त्यांचं काय करावं ते कळेना. भागवतनं विषय बदलला आणि उठून हात धुवायला गेला. हात धुणं ही भागवतची सवय होती. बसमधून उतरला, दाराची कडी लावली, वर्तमानपत्र चाळलं, की हा निघाला बेसिनकडे. आम्ही त्याची थट्टा करायचो. त्याच्या मागे काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

तात्या पाहुणे म्हणून आलेले नव्हते. भागवतची आई जाऊन वर्ष झालं होतं. तो एकुलता एक. पाचोडला तात्या एकटेच भाकरी थापून खायचे, मोसंबीची बाग सांभाळायचे, आणि एकदा विहिरीजवळ पाय घसरून पडले तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. तेव्हापासून भागवतनं ध्यास घेतला होता, की वडिलांनी आता कायमचं इथंच राहायचं. तात्यांना शहर मानवतंय का, एवढीच त्याला काळजी होती. आमचं मत म्हणजे चहाबरोबरची करमणूक होती, त्याच्या घराचं मात्र सगळं तात्यांच्या मतावर अडलेलं होतं. मला बाजूला घेऊन तो म्हणायचा, "तू जरा त्यांच्याशी बोल. तुला आवडतं ना शहर? पटव त्यांना."

म्हणून मी सुटीच्या दिवशी तात्यांना फिरवायला नेऊ लागलो. बागा दाखवल्या, नदीकाठ दाखवला. ते मन लावून बघायचे. झाडांना तर हात लावून बघायचे. मला ते 'गुलमंडी' अशीच हाक मारत. "गुलमंडी, झाडं लई देखणी हायेत बरं का. कुणी तरी जीव लावून वाढवलीत." मला वाटायचं, आता जिंकलो. तेवढ्यात ते वाकायचे, चिमूटभर माती उचलायचे, हुंगायचे आणि मान हलवून पुढं चालू लागायचे.

तिथं रोज दुपारी पाऊस यायचा. आम्हाला त्याचा कंटाळा होता. तात्या मात्र पाऊस आला की खिडकीशी उभे राहून बेजार व्हायचे. "अरं, एवढं पाणी वाया चाललंय! कुणीच कसं धरंना?" पाचोडच्या माणसाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. टँकरची वाट बघत ज्यानं उन्हाळे काढले, त्याच्या डोळ्यांदेखत छपरावरून धो धो पाणी नाल्यात जात होतं.

भागवतचं घर तळमजल्यावर होतं आणि मागे दाराएवढ्या रुंदीची जमीन होती. भागवत कामावर गेला की तात्यांचा कारभार सुरू व्हायचा. सकाळी रस्ता झाडणारा एक तमिळ माणूस पाल्याच्या पिशव्या भरायचा. तात्यांनी खुणांनी त्याच्याशी दोस्ती केली आणि त्यातल्या दोन-तीन पिशव्या मागच्या दारानं आत आणायला सुरुवात केली. कोपऱ्यात हातभर खड्डा खणला. त्यात पाला, केळीच्या साली, चहाचा चोथा. पाचोडला असतं तर त्याला सगळ्यांनी कौतुकानं उकिरडा म्हटलं असतं. तो सुकू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि छपराच्या पाण्याखाली घरातल्या बादल्या, टब, जे मिळेल ते ओळीनं मांडलं. दुष्काळी भागात खड्ड्याला पाणी जपून घालावं लागतं. इथं आभाळच रोज घालतंय, हे काही त्यांच्या हिशेबात बसलं नाही. कागदाच्या सुरकुत्यांत पाणी साचत राहिलं.

पुढं व्हायचं ते झालं. एका रविवारी सकाळी मी आणि मीना तिथं गेलो होतो, तेव्हाच डासांची तपासणी करणारा माणूस आला. अतिशय सभ्य. त्यानं कागदावरचं पाणी एका पांढऱ्या वाटीत घेतलं आणि आमच्यापुढं धरलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. टबातही होत्या, बादल्यांतही होत्या. त्यानं दंडाची पावती केली, आभार मानले आणि गेला.

तात्या ओशाळून म्हणाले, "पाण्यात किडं व्हतेतच. गाळून घेतलं की झालं."

भागवतचा चेहरा पांढरा पडला होता. कधी आवाज न चढवणारा हा माणूस ओरडला, "तात्या, आई असल्याच पाण्यानं गेली!"

मग तो बोलतच राहिला. त्या वर्षी टँकर आठवड्यानं यायचा. दारात टिपाडं, पाण्याची मोठी पिंपं, भरून ठेवलेली होती, उघडी. आईला ताप आला. औरंगाबादच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी भागवतला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की साठवलेल्या पाण्यातल्या डासांचा हा ताप आहे. ते त्यानं वडिलांना कधीच सांगितलं नव्हतं. कारण टिपाडं तात्याच भरायचे. त्याचं हात धुणं तेव्हापासूनचं होतं, हे मला आता कळलं.

तात्या मागच्या दारी गेले आणि एकेक बादली उचलून पालथी करू लागले. मीना मदतीला गेली, तर म्हणाले, "नगं माय, तू बस. माझं काम हाय हे." खड्डा बुजवला, कागद घडी करून ठेवला. भागवत दारात उभा राहून रडत होता आणि त्या दिवशी हात धुवायचंही त्याला सुचलं नाही.

चार-आठ दिवसांनी तात्या मला म्हणाले, "गुलमंडी, माझं तिकीट काढायला सांगा भागवताला. तो माझ्याशी नीट बोलंना, मीबी त्याच्याशी बोलंना." मी माझं सगळं कसब पणाला लावलं. म्हटलं, तात्या, रागावून जाऊ नका. हे शहर चांगलं आहे. इथं असत्या तर काकू गेल्याच नसत्या.

"व्हय," ते लगेच म्हणाले. "इथं ती गेली नसती. हे मी रोज रातच्याला सोताला सांगायलोय. पर ती तिथं हाय." मग म्हणाले, "तिची राख म्या मोसंबीच्या बुडात टाकली. पैठणला गंगेत सोडाया नेली नाय. भाऊबंद लई बोलले. म्हणलं, तिनं जल्मभर ह्या रानाचं खाल्लं, आता माघारी द्याया नगं?"

तात्या पाचोडला परत गेले. पुढं माझ्या वडिलांच्या आजारपणामुळं आम्हीही औरंगाबादला परत आलो आणि सिडकोत राहू लागलो. तोवर तात्यांचं पाचोडमध्ये नाव पडलं होतं, 'सिंगापूर'. त्याला कारण होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी ते हातात घासणी घेऊन गल्लीत निघायचे आणि घराघरासमोरची टिपाडं रिकामी करून, घासून, वर जुन्या धोतराची फडकी बांधून द्यायचे. बाया कुरकुरायच्या, "आलं बाई सिंगापूर! भरल्यालं पाणी वतून देतंय." तात्या म्हणायचे, "वतू नगा, झाडाला घाला. पर उघडं ठिवू नगा." हे का करतात ते कुणाला सांगत नसत. उकिरडा मात्र त्यांनी सोडला नाही. फक्त वस्तीपासून लांब, रानाच्या कडेला नेला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते आमच्याकडे येऊन राहिले. आमच्या कोपऱ्यावर नेहमीसारखा कचऱ्याचा ढीग होता, गाई त्यात तोंड घालत होत्या. मी संतापून शहराला, माणसांना, सगळ्यांना शिव्या घालू लागलो. मीना म्हणाली, "तात्या, आता तरी सांगा. ते शहर सुंदर की हे?"

तात्यांनी एका डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरली आणि दुसऱ्या डोळ्यानं ढिगाकडं पाहिलं. "ते लई सुंदर हाय, माय. पर त्याला माघारी देणं मालूम नाय. आन आपल्याला झाकणं मालूम नाय." मग मला कोपरखळी मारत म्हणाले, "गुलमंडी, नुसता नाकाला रुमाल लावून काय व्हतंय?" त्या दिवसापासून आमच्या घरात ओला कचरा वेगळा ठेवतात आणि तो मीच खड्ड्यात टाकतो.

दोन्ही शहरांबद्दल इतकं थोडक्यात कुणी मला सांगितलं नव्हतं. पण भागवतशी त्यांचं बोलणं फोनवरच्या 'जेवलास का' च्या पुढं गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. तो वर्षातून एकदा यायचा, दोन दिवस राहायचा. यायचा तेव्हा टिपाडांवरची फडकी तेवढी बघायचा.

गेल्या हिवाळ्यात तात्या बागेत काम करता करता बसले ते उठले नाहीत. भागवत आला, मीही पाचोडला गेलो. तिसऱ्या दिवशी राख सावडली, तेव्हा भाऊबंदांनी ती पैठणला गोदावरीत सोडायला न्यायची म्हणून गाडी तयार ठेवली होती. त्याचे चुलते म्हणाले, "भागवता, बापानं आईचं जे केलं ते केलं. तू शिकल्याला हायेस. आता रीतीनं कर."

भागवतनं मडकं छातीशी धरलं आणि गाडीकडं न जाता रानाची वाट धरली. मी मागोमाग गेलो. बागेत एका मोसंबीच्या आळ्यात त्यानं ती राख पसरली. मग उकिरड्यावरून टोपलंभर खत आणलं आणि हातानं वर सारखं केलं. हातानं. मी बघतच राहिलो. शेजारी विहिरीवर बादली भरलेली होती, वर फडकं बांधलेलं होतं. हात धुवायला तिच्याकडं तो वळला नाही.

त्यानं चिमूटभर माती उचलली, नाकाशी नेली आणि पुष्कळ वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. मग माझ्याकडं वळून लहान मुलासारखं विचारलं, "तात्यांना काय वास यायचा रे हिला? मला काहीच येत नाही."

मी त्याच्या शेजारी बसलो, थोडी माती घेतली आणि हुंगली. मला आला. पण कसला, ते त्याला सांगता येईना. म्हटलं, "तू थोडे दिवस राहा इथं."

तो "व्हय" म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.